सात दिवसांचा डोंगरराजा

आइसलंडच्या उत्तरेतल्या त्या खोऱ्यात हाल्फदानला वर्षातले एक्कावन्न आठवडे कुणी हिंग लावून विचारत नसे. घरात राज्य बायकोचं, सिग्रूनचं. जेवायला काय, खिडकी उघडी की बंद, सगळं तीच ठरवणार. पण सप्टेंबरात, उन्हाळाभर मोकाट चरलेली मेंढरं डोंगरावरून खाली आणायची वेळ झाली, की हाच हाल्फदान डोंगरराजा! पदाचं नावच तसं. गावसभा नेमते. तो आठवडाभर त्याचा शब्द शेवटचा. कोण कुठल्या उतारावर जाणार, घोडी कुठे थांबणार, एवढंच काय, कॉफीचा थर्मास कधी उघडायचा, तेही राजानंच सांगायचं. सव्वीस वर्षं त्यानं हे केलं आणि झकास केलं, खोटं कशाला बोला!

गेली दोन वर्षं मात्र त्याला लांबचं धड दिसेना. बोलला असता तर राजेपद गेलं असतं, म्हणून पठ्ठ्या मूग गिळून बसला.

गेल्या सप्टेंबरात शेजारची रानवेग घोडा दामटत त्याच्याजवळ आली.

"हाल्फदान, उत्तरेच्या घळीत मेंढरं आहेत. आणते जाऊन."

त्यानं डोळे बारीक केले. नुसतं पांढरं धुकं.

"घळ रिकामी आहे. पुढं चल."

"अरे, या डोळ्यांनी पाहिलीत!"

"राजा कोण आहे, रानवेग?"

ती दातओठ खात पुढं गेली. खाली मेंढवाड्यात कानाच्या खुणा बघून ज्याची त्याची मेंढरं वेगळी केली, तेव्हा हाल्फदानच्याच अकरा मेंढ्या कमी भरल्या. दुसऱ्या दिवशी डोंगरावर बर्फ पडलं. संपल्याच त्या!

"राजेसाहेब, प्रजा वरच राहिली वाटतं," सिग्रून म्हणाली.

यंदा गावसभेनं रानवेगला नेमलं. बाई असली तरी पद राजाचंच. हाल्फदानला घरी बसवेना. तोही निघाला, सगळ्यांच्या मागे, तोंड पाडून.

पाचव्या दिवशी उत्तरेच्या घळीपाशी पुन्हा तसंच धुकं, या वेळी सगळ्यांनाच. डोळे गेले तरी म्हाताऱ्याचे कान शाबूत होते. आत मेंढी ओरडली.

"रानवेग, घळीत मेंढी आहे गं! बघू का जाऊन?"

पाच दिवस एकोणीस माणसं रानवेगच्या एका शब्दावर हलत होती. तिनं घोडाही थांबवला नाही.

"घळ रिकामी आहे. पुढं चल."

"अगं, या कानांनी ऐकलं!"

"राजा कोण आहे, हाल्फदान?"

बाकीचे फिदीफिदी हसले. हाल्फदानला तिचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. आज तो राजा असता, तर अकरा मेंढ्या घालवूनही हेच बोलला असता.

मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं डोंगरराजाचा हुकूम मोडला आणि घोडा घळीकडे वळवला.