माझा जन्मवार आणि घानाच्या बाई

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका वयाच्या बावन्नाव्या वर्षी बुधवारची राहिलेली नाही. नेपरव्हिलमधली मराठी मंडळी, कराडचे नातेवाईक आणि आजवर बुधवार धरून माझी पत्रिका पाहिलेले सर्व गुरुजी यांनी याची नोंद घ्यावी.

हे कसं झालं ते सांगते. बसा.

गेल्या जानेवारीत मी घानातल्या एका विद्यापीठात धर्म आणि संस्कृती या विषयाच्या एम.ए.ला नाव घातलं. घरबसल्या, ऑनलाइन. नवरा म्हणाला, "लोक शिकायला अमेरिकेत येतात. तू अमेरिकेत येऊन आफ्रिकेत शिकायला निघालीस. मधे उतरलीच कशाला?" मंडळाच्या हळदीकुंकवात एका काकूंनी माझ्या हातात वाण ठेवता ठेवता विचारलं, "पण घानाच्या डिग्रीवर जॉब कुठे मिळतो गं?" मी चेहरा शक्य तेवढा गंभीर ठेवून म्हटलं, "स्वर्गात, काकू. तिथे आमच्या लाइनमध्ये खूप ओपनिंग्ज आहेत." काकूंनी मान डोलावली. त्यांना पटलं असावं.

वर्ग शनिवारी सकाळी आठला असे. बाहेर गुडघाभर बर्फ, मी बेसमेंटमध्ये दोन शाली पांघरून, आणि लॅपटॉपमध्ये घानातली दुपारची दोनची उन्हं. प्रोफेसर सत्तरीच्या पुढच्या, डोक्याला पिवळंजर्द कापड बांधलेल्या. मी त्यांना मनातल्या मनात 'बाई' म्हणायला लागले, कारण त्यांनी नुसता चष्मा वर केला तरी माझी पाठ आपोआप ताठ होई. त्यांच्या खिडकीतून एक झाड दिसायचं. पहिल्याच वर्गात, तिसऱ्या मिनिटाला मी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, धर्माविषयी काही गहन शंका असणार. मी विचारलं, "बाई, तो कडुलिंब आहे का?" होता! कराडला आमच्या मागच्या दारी होता तसाच. मला इतका आनंद झाला की पुढची पाच मिनिटं काय शिकवलं ते मला आजही माहीत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा बाई सांगत होत्या, "तुमचं नाव नंतर. आधी वार सांगा." त्यांच्या आकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं, त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं. आईबाप दुसरं नाव पुढे ठेवतात, पण हे नाव मूल येतानाच घेऊन येतं. जीव ज्या वारी आला, तो वार जन्मभर त्याच्या सोबत चालतो.

माझी पाळी आली. मी झोकात सांगितलं, "बुधवार!" आणि स्क्रीनवरच्या चौदा माणसांनी, ज्यांनी मला दहा मिनिटांपूर्वी पाहिलंही नव्हतं, एका सुरात मला बुधवारच्या मुलीचं नाव घेऊन हाक मारली. अंगावर सरसरून काटा आला. या देशात पंचवीस वर्षं माझ्या नावाची दोनच अक्षरं वापरली जातायत, उरलेली उच्चारायला अवघड म्हणून मीच काढून टाकली. आणि इथे परक्या चौदा जणांनी मला एक अख्खं नाव दिलं. मी कॅमेरा बंद करून डोळे पुसले आणि नेट गेलं होतं अशी थाप मारली.

पहिला कोर्स सहा आठवड्यांचा. शेवटी तोंडी परीक्षा. विषय: आपल्या वाराची गोष्ट. अट एकच, साक्षीदार हवा. तुम्ही जगात आलात ते ज्याने पाहिलं किंवा ऐकलं, असं माणूस समोर आणायचं. नाहीतर कोर्स पुन्हा.

मी कराडला आईला फोन लावला.

"आई, माझा जन्म बुधवारचा ना?"

"बुधवार. बुधवारच लिही."

"लिही म्हणजे? होता कुठला?"

आई कुजबुजली, "थांब. वन्सं देवळात गेल्यात. दार लावून घेते."

वन्सं म्हणजे माझी आत्या, वडिलांची मोठी बहीण. आज एक्याण्णव वर्षांची, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याच घरात. आमच्या घरात मुलगी मंगळवारी झाली की कपाळाला आठ्या पडत. ती तापट निघते म्हणे. आत्या मंगळवारची. ती खरं बोलली, की "मंगळवारचीच ती, बोलणारच." ती मोठ्याने हसली, की मंगळवार. सासरहून परत आली, तेव्हाही मंगळवारच. इतकं ऐकूनही घरातलं पंचांग तिच्याच हातात असे, आणि तिथीवारात तिच्यापुढे कुणाची चूक खपत नसे. आई सर्वांत जास्त तिलाच भ्यायची.

आणि मी जन्मले ऐन थंडीत, पहाटे सव्वापाचला. भिंतीवरच्या घड्याळाचा बुधवार केव्हाच लागला होता. पण पंचांगाचा वार सूर्याबरोबर उगवतो, आणि सूर्याला अजून दोन तास होते.

"म्हणजे मी मंगळवारची?"

"हळू बोल! सगळं घर झोपलेलं. तू एकदाच काय ती रडलीस. मी सुईणीचे पाय धरले, म्हटलं ऊन पडल्याशिवाय दार उघडू नकोस. दोन तास तुला पदराखाली धरून गप्प ठेवलं. जन्मात तेवढाच वेळ गप्प बसलीस तू."

मग दार उघडलं, आत्ताच झाली म्हणून सांगितलं, आणि बाराव्या दिवशी आत्याने बुधवारच्या भाचीच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं.

"आई, तू ये ना साक्षीला."

"वेड लागलंय का? व्हिडिओ कॉल म्हटला की वन्सं मांडीला मांडी लावून बसतात. त्यांच्यासमोर कसं सांगू, की मी तुम्हाला बावन्न वर्षं फसवलं? माझ्या हातचं जेवायच्या नाहीत त्या."

मी ठरवलं, घड्याळाचा बुधवार सांगून मोकळं व्हायचं. तोही खराच होता. पण बाईंचा चष्मा आठवला की जीभ अडखळायची. कोर्स पुन्हा करीन म्हणून आईला सांगायला फोन केला, तर तीच म्हणाली, "येते मी. ऐंशीची झाले. आता नाही तर कधी सांगणार?"

परीक्षेच्या शनिवारी कराडला संध्याकाळचे साडेसात होते. ट्यूबलाइटखाली आई, आणि तिच्या खांद्यामागून आत्याचं अर्धं कपाळ. बाईंनी सुरुवातीला हातातल्या पेल्यातलं थोडं पाणी कुंडीतल्या मातीवर सोडलं.

"ती कुणाला पाणी देतीय गं?" आत्याने विचारलं.

"पितरांना, आत्या."

"मग ठीक आहे. घरातलीच दिसते."

मी हे बाईंना सांगितलं. बाईंनी उठून, हो, खुर्चीतून उठून, आत्याला मान लववली. मग त्या बसल्या आणि त्यांनी प्रश्न विचारला. मी तो मराठीत केला. "कुठला वार?"

आई हाताच्या बांगड्या फिरवत राहिली. "मंगळवार," ती म्हणाली. मग मागे वळून, "वन्सं, मी खोटं बोलले. सूर्य वर आला नव्हता."

मी ते इंग्रजीत सांगितलं. घानात कुठेतरी भरदुपारी एक कोंबडा आरवला. बाई म्हणाल्या, "हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कराडचा फोन गदगदा हलला. आत्याने तो आईच्या हातातून ओढून घेतला होता. स्क्रीनभर तिचं नाक आणि एक डोळा.

"अगं, मागच्या चुलीवर पाणी कोण तापवत होतं? मीच ना! ही कार्टी रडली तेव्हा आभाळात चांदण्या होत्या! म्हटलं, या घरात एक मंगळवारची पुरे झाली, हिला होऊ दे बुधवारची!"