विमानाचं तोंड कुठं?

आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. जैनांचं घर, वडलांच्या वेळचा तंबाखूचा व्यापार, आणि दिवे लागल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही ही आईची शिस्त. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, अंधारात दिसत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी तो बाहेर पडत नसे, तेव्हा आम्ही त्याला घरकोंबडा म्हणून चिडवायचो. पुढं तो बेळगावच्या एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायला लागला आणि एकदा भर दुपारी बाजूनं येणाऱ्या सायकलवर जाऊन आदळला. मग मिरजेला डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेनं विझत चालली आहे; आधी आजूबाजूचं जाईल, मग समोरचं. औषध नाही.

तोवर माझं लग्न होऊन मी सदलग्याला गेले होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. दिवाळीच्या आधी मी आईकडं, निपाणीला आले, तर अण्णा लांबलचक रजा टाकून आलेला आणि माडीवर एका लाकडी खोक्यासमोर बसलेला. बेळगावच्या कॅम्पातले एक निवृत्त लष्करी अधिकारी गाव सोडून चालले होते. जाताना त्यांनी ते खोकं अण्णाच्या हवाली केलं होतं. आत पातळ लाकडाच्या फळ्या, नकाशे, लिंबाएवढं इंजिन, आणि लांब एरियलचा, दोन दांड्यांचा एक वायरलेसचा डबा. त्या सगळ्यातून खरोखर उडणारं विमान तयार व्हायचं होतं.

मला राग आला. डोळे चाललेत आणि हा बाबा खेळणं जोडत बसलाय. मी चांगलं तोंडसुख घेतलं. अण्णानं ऐकून घेतलं आणि मान न वळवता म्हणाला, "दिसतंय तवर एकदा उडवायचं. माझ्या हातानं. मग काय व्हायचं ते हुं दे."

मी पदर खोचला आणि त्याच्याजवळ बसले.

त्यानं एक फळी माझ्याकडं सरकवली. लाकूड म्हणून मी जोर लावून उचलली, तर हात एकदम वर गेला. तिला वजनच नव्हतं. बाल्सा म्हणतात त्या लाकडाला, असं त्यानं सांगितलं. त्यातून त्यानं पंखाच्या फासळ्या एकेक करून कापल्या, घासल्या, नकाशावर टाचण्यांनी उभ्या केल्या. समोरचा वीतभर भाग त्याला स्वच्छ दिसायचा. बाकीच्यावर तो अंगठा फिरवायचा. सुतार वापरतात तो सरस जनावराच्या कातड्याचा, म्हणून आईनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. पांढऱ्या गोंदावर काम भागवलं.

मग सांगाड्यावर झिरझिरीत कागद चिकटवला. तो इतका सुरकुतला की मी म्हटलं, वाया गेलं सगळं. अण्णानं तोंडात पाणी घेऊन, इस्त्रीवाले कपड्यांवर मारतात तसा त्यावर फवारा मारला आणि झोपायला निघून गेला. सकाळी बघते तर एक सुरकुती नाही. नखानं टिचकी मारली तर हलगीसारखा वाजला. मी दिवसभर येता-जाता टिचक्या मारत राहिले, शेवटी अण्णा वैतागला, भोक पाडशील म्हणाला.

पण खरी कमाल वायरलेसची. विमान माडीच्या एका टोकाला, डबा घेऊन अण्णा दुसऱ्या टोकाला. त्यानं दांडी हलवली की तिकडं शेपटीची फळी हलायची. मधे दोरा नाही, तार नाही. आईनं ते परत परत करून दाखवायला लावलं. मग उठून दोघांच्या मधल्या हवेतून हात फिरवून बघितला, आणि प्रवचन ऐकताना बसते तशी हात जोडून बसली. नंतर तिनं एकच अट घातली. विमानाच्या नाकावरचं फिरतं पातं पाखराला लागता कामा नये. एक पाखरू जरी मेलं तरी हे खोकं चुलीत जाईल. अण्णानं कबूल केलं.

इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल एकत्र करून घालायचं होतं. ईथर ओळखीच्या डॉक्टरांनी दिलं आणि माडीला दवाखान्याचा वास यायला लागला. एरंडेल घरचंच. लहानपणी नाक दाबून आम्हाला पाजलेलं ते आता विमानाच्या नशिबी आलं, याचं मला मनापासून बरं वाटलं.

सगळं जोडून झाल्यावर अण्णानं पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचललं. असं उचलल्यावर नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. फार नाही, अगदी किंचित. शेपटी जड निघाली, म्हणून नाकात शिशाचे तुकडे बसवले, काढले, पुन्हा बसवले. हे करताना तो डोळे मिटून घ्यायचा. पुरुषभर लांब पंखांचं ते विमान दोन बोटांवर तोलून, डोळे मिटून उभा असलेला माझा भाऊ मला आजही दिसतो.

गावाबाहेरच्या माळावर आधी तालीम करायची ठरली. इंजिन चालू न करता मी विमान डोक्यावर धरून पळायचं आणि अण्णानं डबा घेऊन नजरेनं पाठलाग करायचा. मी पळाले, वळून बघितलं, तर तो भलतीकडंच बघत होता. परत पळाले. परत तेच. हातासमोरचं काम वेगळं आणि एवढं मोकळं आभाळ वेगळं. विमान एकदा नजरेतून सुटलं की सुटलंच. तो डबा मांडीवर घेऊन खाली बसला. आता हा डबा माझ्या हातात देणार असं मला वाटलं, आणि ते मला सोसलं नसतं.

"तोंड कुठं हाय ते मी सांगते की तुला," मी म्हटलं. "दांडी तू हलीव."

पहिल्यांदा डावं-उजवं करून बघितलं. विमान घेऊन मी त्याच्याकडं तोंड करून यायला लागले की डाव्याचं उजवं व्हायचं, आणि आम्ही भर माळावर भांडायचो. शेवटी आमच्याकडं एरवी सांगतात तसंच सांगायचं ठरलं. आमच्या भागात पूर्व-पश्चिम कुणी म्हणत नाही. बैल संकेश्वरकडं तोंड करून बांधलेला असतो, दार चिक्कोडीकडं उघडतं. कोल्हापूर, चिक्कोडी, संकेश्वर, मुरगूड, एवढ्यात आमचं सगळं आभाळ बसलं. तोंड कुठल्या गावाला आहे आणि कुठल्या गावाला न्यायचं ते मी सांगायचं, अण्णानं मनात नकाशा धरून दांडी हलवायची. पंखांची टोकं वर उचललेली असल्यामुळे दांडी सोडली की विमान आपलं आपण सरळ होणार होतं, तेवढाच काय तो आधार. दिवाळी संपेपर्यंत मी ते डोक्यावर घेऊन धावत होते. लग्न झालेली बाई साडी खोचून "तोंड कोल्हापूरला" म्हणून ओरडत पळते आहे, हे बघायला शेंगा काढणाऱ्या बायका बांधावर येऊन उभ्या राहायच्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, अण्णानं बोटानं पातं फिरवलं. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि एकदम किंचाळायला लागलं. मी विमान डोक्यावर धरलं. ते हातात थरथरत होतं, मला पुढं ओढत होतं. थोडी पळाले आणि सोडलं.

आणि ते खाली आलंच नाही. बेळगावच्या बाजूला आभाळातून जाणारी विमानं मी पाहिली होती, पण माझ्या स्वतःच्या हातातून सुटलेली वस्तू वर वर जाताना कधी पाहिली नव्हती. ज्या कागदावर मी टिचक्या मारल्या होत्या त्यातून ऊन आरपार येत होतं आणि आतल्या फासळ्या एकेक दिसत होत्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"तोंड कुठं?" अण्णा ओरडला.

मी भानावर येऊन त्याच्याकडं पळाले. तोंड चिक्कोडीला, घे कोल्हापूरला. दांडी हलली आणि विमान वळलं. घे मुरगूडला, तर मुरगूडला. संकेश्वर म्हटलं, तर आमच्या डोक्यावरून संकेश्वरला. अण्णा मान खाली घालून, डोळे मिटून उभा होता. ज्याला ते दिसत नव्हतं तोच ते उडवत होता. मला आनंदानं हुंदका आला आणि मी तो गिळला, नाहीतर एखादं गाव सांगायचं राहून गेलं असतं.

एका फेरीला विमान कोल्हापूरकडं तोंड करून लांब चाललं असताना पुढच्या उसातून बगळ्यांचा थवा उठला. आईची अट आठवली आणि माझ्या तोंडातली सगळी गावं पळाली. आमच्या पाठीमागं, संकेश्वरच्या अंगाला, आमचं घर होतं. माघारी फिरव, एवढंच मला सांगायचं होतं.

"घराकडं घे, अण्णा, घराकडं!"

विमान वळलं, पण माघारी नाही. उजवीकडं थोडं झुकलं, बगळ्यांना चुकवून सरळ पुढं निघालं आणि बारीक होत गेलं. मी परत घराकडं म्हणून ओरडले.

"घराकडंच चाललंय की," अण्णा शांतपणे म्हणाला.

मी नीट बघितलं. तोंड सदलग्याला होतं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी घर म्हटलं, त्यानं माझं घर धरलं. तेवढ्यात इंजिनातलं तेल संपलं आणि आवाज एकदम बंद झाला. एवढ्या मोठ्या आभाळात ते मुकं विमान माझ्या सासरच्या दिशेनं तरंगत चाललं होतं, आणि खाली नुसता ऊस. तिथं उतरलं असतं तर त्याचा चुरा हाती आला असता.

"माझं न्हवं," मी म्हटलं. "आपलं घर. संकेश्वरला घे."

अण्णाचं अंग ताठलं. दांडी पुरती फिरली. मी गावं सांगत गेले, चिक्कोडी आलं, संकेश्वर आलं, आता सोड सरळ. विमान आवाज न करता आमच्याकडं येत होतं, खाली, आणखी खाली. डोक्यावरून गेलं तेव्हा पंखांनी हवा कापल्याचा आवाज झाला आणि अण्णानं झटकन मान वर केली. नजरेत जेवढी जागा उरली होती, नेमकी तेवढ्यात ते सापडलं असावं.

"दिसलं," तो म्हणाला. "दिसलं गं."

शेंगा काढलेल्या रानात ते घसरत जाऊन थांबलं. आम्ही गेलो. अण्णा ढेकळांत मांडी घालून बसला आणि विमान नाकापासून शेपटीपर्यंत चाचपलं. एका पंखाच्या टोकाचा कागद फाटला होता, एवढंच. मी आईला सांगायला पळणार होते, तर तो विमानावरचा हात न काढता म्हणाला, "लगीन झाल्यापास्नं ह्या घराला तू घर म्हटलंच न्हाईस कधी. आईकडं जाते, म्हंतीस."

खरं होतं ते. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला मी इथं येऊन "घरी आले" म्हटलं, तर मावशांनी चारचौघींत मला दुरुस्त केलं होतं, घर तिकडं, हे माहेर. तेव्हापासून मी तो शब्द जपून वापरत होते, आणि ते कुणाला कळत नसेल असं धरून चालले होते. ज्याला माझा चेहराही धड सगळा दिसत नव्हता त्याला कळलं होतं. मला रडू फुटलं आणि ते मी आवरलं नाही. अण्णानं तेलाची बाटली कानाशी धरून हलवून बघितली.

"तेल अजून हाय," तो म्हणाला. "परत उडवू. पर आधी ठरवून घेऊ. घर म्हंजे कुठलं?"

मी बोट दाखवलं. तो वाट बघत राहिला. बोट त्याला दिसलेलं नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि मग मी मोठ्यानं सांगितलं, हे, संकेश्वरच्या अंगाचं, आपलं.