कागदावरचा एक जून

आधी चहाचा कप खाली ठेवा, मग सांगते. हसता हसता ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही!

आमच्या मेहकरात माझ्या भिंतीला भिंत लागून संगीता मॅडम राहतात. शाळेत शिकवतात. त्यांची आई माझी जिवाची मैत्रीण. ती गेली आणि लेकीच्या घरी काय शिजतं, कोण येतं, कोण जातं, हे बघायची जबाबदारी आपसूक माझ्यावर आली. लोक त्याला भोचकपणा म्हणतात. म्हणू द्या!

तर झालं काय, मॅडमला तीन दिवस बुलढाण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. मोबाइलवर लोकांना कसं फसवतात आणि पोरांना त्यातून कसं शहाणं करायचं, ते आधी यांनी शिकायचं आणि मग तालुक्यातल्या बाकी मास्तरांना शिकवायचं. परत आल्या आणि सराव कोणावर? माझ्यावर!

"काकू, समजा मी बँकेतून बोलून राह्यली. तुम्हाले ओटीपी आला, तो सांगा."

"काऊन सांगू बे? तुह्या बापाची बँक हाय काय?"

"वा काकू! पैकीच्या पैकी!"

सातवी शिकलेली बाई मी. जन्मात पहिल्यांदा कोणी पैकीच्या पैकी दिले. आठ दिवस मी गल्लीत पायाखाली न बघता चालले.

मग एका दुपारी अंगणात मिरच्या वाळत घालत होते, तर फोन वाजला.

"काकू, मी वानखेडे सर, नांदुऱ्याहून. संगीता मॅडमसंग प्रशिक्षणाले होतो. तिथल्या फॉर्मवर, अडीअडचणीले कोणाले फोन करायचा, तिथं त्याइनं तुमचाच नंबर लिहिला होता."

मी एकदम सावध! "ओटीपी भेटणार नाही."

"ओटीपी नकोच हो. मॅडमले वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या. एक जूनच आहे न?"

एक जून! तुम्हाला तर ठाऊकच आहे. आपल्याकडे पोराला शाळेत घातलं की गुरुजी वयाचा अंदाज घ्यायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. माझा नवरा एक जूनचा, दीर एक जूनचा. अर्धा तालुका एकाच दिवशी जन्मलेला! आणि आमच्या संगीताला या रांगेत बसवता? मला काही राहवलं नाही.

"काही पण काय सर! तो कागदावरचा. पोरगी तान्ह्या पोळ्याची हाय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची! मी तवा नवी सून होती, दवाखान्यात डबा घेऊन मीच गेली होती!"

आणि मी इंग्रजी तारीख सांगितली, साल सांगितलं, वार सांगितला, किती वाजता पहिल्यांदा रडली तेही सांगितलं.

"लय उपकार झाले काकू," सर म्हणाले. मीही खूश. ओटीपी तर दिला नव्हता!

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या शाळेत मॅडमचा पहिला वर्ग होता. सगळे मास्तर येणार, वरचे साहेब येणार. सकाळपासून मॅडम आरशासमोर भाषण घोकत होत्या. "काकू, सगळ्यांसमोर हसं झालं तर? पुन्हा उभं राहायची हिंमत नाही व्हायची." त्या गडबडीत डबा घरीच विसरल्या. तो घेऊन मी गेले आणि सभागृहाच्या दारात थबकले.

मॅडम माइकवर रंगात आल्या होत्या. "आम्हाले गृहपाठ होता. जोडीदाराच्या लॅपटॉपले हात न लावता त्याचा पासवर्ड शोधायचा. वानखेडे सर, तुम्ही माझे जोडीदार, मुद्दाम नांदुऱ्याहून आले, या, करा प्रयत्न!"

काय तो रुबाब! सरांनी शांतपणे बटणं दाबली. पहिल्याच फटक्यात लॅपटॉप उघडला आणि मागच्या पडद्यावर मॅडमचा आईसोबतचा फोटो आला.

मॅडमचं तोंड पांढरं पडलं. "ही तारीख कुठंच लिहिलेली नाही," त्या पुटपुटल्या, पण माइक चालूच होता. "ना आधारवर, ना शाळेत. म्हणून तर ठेवली होती. एक आईले माहीत होती, ती गेली. अन् दुसऱ्या..."

मॅडमची मान दाराकडे वळली. पाठोपाठ साऱ्या सभागृहाची वळली. दारात मी, हातात डबा!

काय हसले हो सगळे! साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, डबा तिथंच ठेवावा आणि सरळ बसस्टँड गाठावं. मी हिचं नाक कापलं होतं, तेही तिच्या पहिल्याच दिवशी.

मॅडमनं माइक पुन्हा तोंडाजवळ ओढला. म्हणाल्या, "हेच पोरांले सांगा. चोर दरवेळी ओटीपी मागत नाही, धमकी देत नाही. तो तुमच्या मायेच्या माणसासंग गोड बोलते. काकूनं माझा पासवर्ड नाही सांगितला. माझं कौतुक सांगितलं. चूक माझी, मी कौतुकाचंच कुलूप केलं."

टाळ्या पडल्या. मी पदर डोळ्याला लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही.

मॅडमनं त्याच दिवशी पासवर्ड बदलला. मी देवाची शपथ घेतली, आता तुझी एक गोष्ट माझ्या तोंडून बाहेर जायची नाही.

मग तान्हा पोळा आला, मॅडमचा खरा वाढदिवस. लेकरं लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरत होती. मॅडमची आई करायची तसा शिरा मी केला, वाटी पदराखाली झाकली आणि मागच्या दारानं गेले.

"कोणालेच सांगितलं नाही बरं," मी हळूच म्हटलं.

"हाव काकू, दिसून राह्यलं. या आत."

आत गल्लीतल्या साऱ्या बाया बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या पदराखाली एकेक वाटी!

आता माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मी काही चारचौघीत बोलले नव्हते. एकेकीला एकटं गाठून, कानात, 'कोणाले सांगशील तर माही शपथ' असं बजावूनच सांगितलं होतं!