न चाखता केलेलं सँडविच

किस्से कोणी जमवायला जात नाही, ते साचतात. आमच्या लॅबमध्ये तपासून झालेले पोलादाचे तुकडे ड्रॉवरमध्ये पडून असतात. कोणी मागत नाही, पण फेकायचा धीरही कोणाला होत नाही. तसंच आहे हे. मी स्टील प्लांटच्या लॅबमध्ये नोकरीला, आणि रोज संध्याकाळी वहीत अर्धं पान लिहायची सवय. त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत. आज काढतोय ते सगळे मात्र एकाच सँडविचचे!

जागा म्हणजे आमच्या जुन्या क्वार्टरचं मागचं अंगण. आमच्या आणि गजाननभाऊंच्या अंगणात कमरेएवढी भिंत. भाऊ कोक ओव्हनला, म्हणजे प्लांटसाठी दगडी कोळसा भाजून कोक काढायच्या भट्ट्यांवर. त्यांची बायको कुसुमवहिनी, मुलगी उज्ज्वला, म्हणजे उज्जू. इकडे मी आणि माझी बायको सुधा. भाऊंच्या पलीकडे साहू. एवढीच मंडळी.

* * *

उज्जू दहावीत होती. एक दिवस तिने कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या कुठल्याशा फास्ट फूडच्या दुकानाचा फोटो पाहिला. पावाच्या बाहेर आलेला, खरबरीत तळलेला मोठा चपटा तुकडा, आणि वरून ओघळणारी पांढरी ग्रेव्ही. नाव होतं चिकन फ्राइड स्टेक सँडविच.

"आई, मले हे पाहिजे!"

भाऊंनी नावात चिकन वाचलं आणि बाजारातून चिकन आणलं. वहिनींनी पाच मिनिटं फोटोकडे पाहिलं आणि केलं!

महिन्याभराने उज्जू तोंड पाडून आली. खऱ्या सँडविचमध्ये म्हणे चिकन नसतंच. तिकडे मोठ्या जनावराचं मांस ठोकून पातळ करतात आणि चिकनसारखं तळतात, म्हणून ते नाव.

वहिनी म्हणाल्या, "घ्या! नाव कोंबडीचं आन् आत कोंबडीच नाही. मंग आपलंच खरं म्हणा!"

* * *

आता ऐका, हे सँडविच करणाऱ्या वहिनींच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. मांस कधी तोंडाला लावलेलं नाही. पण नवऱ्याला आणि लेकीला करून घालण्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. अट एकच, घरात नाही. पेरूच्या झाडाखाली वेगळी शेगडी, वेगळी लोखंडी कढई. चिकन ताकात भिजवायच्या, मैद्यात तांदळाचं पीठ आणि मिरपूड घालून त्यात घोळवायच्या. चपटं करायला कपडे धुवायचं एक नवंकोरं धोपाटणं आणून ठेवलं होतं. पदर नाकाला, मान दुसरीकडे, आणि धाड धाड धाड!

पहिल्याच दिवशी साहू भिंतीवरून ओरडला, "भाभीजी, वॉशिंग मशीन ख़राब हो गई क्या? हमारे यहाँ धो लीजिए!"

तळतानाही त्या कढईत पाहायच्या नाहीत. कान द्यायच्या. तेलाचा आवाज बारीक झाला की तुकडा बाहेर. आवाजावर स्वयंपाक करणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

* * *

पण चव कोण पाहणार? भाऊ ड्यूटीवरून यायचे ते थेट जेवायलाच. उज्जूला सगळंच आवडायचं. मग पहिला तुकडा कढईतून निघाला की भिंतीवरून हाक यायची, "भावजी, चाखून सांगा!"

मी भिंतीशी उभा राहून घास घ्यायचो. वहिनी चार हात लांब, हात पदराला पुसत, माझ्या तोंडाकडे बघत. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशा.

"एकदम बरोबर, वहिनी!"

की लगेच दुसरा तुकडा तेलात. जवळजवळ दर आठवड्याला, अकरा वर्षं!

सुधा म्हणायची, "माझ्या भाजीत दहा चुका काढता. तिकडे बरे एका घासात पास करता!"

* * *

वहिनी गेल्या त्याला तीन वर्षं झाली. आठ दिवसांचा ताप, एवढंच. मागून भाऊंनी त्यांची माळ स्वतःच्या गळ्यात घातली. कोणी सांगितलं नव्हतं. रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि गावातच, रिसालीत बांधलेल्या घरात एकटे राहायला गेले. उज्जू लग्न होऊन नागपूरला. भाऊंचे किस्से थांबले. माझ्या वहीत त्यांचं नाव येईनासं झालं.

मग यंदा एका सकाळी भाऊ आमच्या दारात. हातात पिशवी नाही, काही नाही.

"प्रभाकर, उज्जूले पाचवा लागला."

"अरे वा! भाऊ, बसा ना."

"डोहाळे लागले तिले. चिंच नोको म्हणते, आवळा नोको म्हणते. आईचं ते सँडविच पाहिजे म्हणते. सातव्यात येऊन राहिली, तवा पाहिजे." मग म्हणाले, "तिची आई असती तं काही प्रश्नच नव्हता. आता मलेच करा लागंल. तू तं रोज लिहितं ना बे? काढ वह्या!"

ट्रंक उघडली. पहिल्या वर्षाची वही हाती लागली नाही; बाकीच्यांची पानं दोघं जमिनीवर बसून उलटत राहिलो. 'ऊन फार. भाऊंकडे सँडविच.' 'पाऊस. भाऊंकडे सँडविच. साहूही होता.' 'वीज गेली. सँडविच. साहू.' कृती कुठेच नाही. मीठ किती, ताक किती, भिजवायचं किती वेळ, एक अक्षर नाही!

भाऊंनी शेवटची वही मिटली. "एवढं लिहिलं आन् कामाचं काहीच नाही! त्या साहूचं नाव कावून लिहिलं हरवेळी? तो काय मसाला होता?"

* * *

मग आमच्या मागच्या दारी सुरू झाल्या ट्रायल. प्लांटची माणसं आम्ही, दुसरी पद्धत येते कुठे! मी तक्ता आखला. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादाला प्लांटमध्ये म्हणतात तसं, प्रत्येक घाण्याला भाऊंनी 'हीट' म्हणायला सुरुवात केली. हीट नंबर एक, पीठ तेलात सुटलं, चिकन उघडं. हीट नंबर दोन, वरून काळं, मधे कच्चं. भाऊंची कसोटी कोकची. तुकडा हातात उलटासुलटा करून म्हणायचे, "वरून टणक पाहिजे आन् चीर नाही पाहिजे. हा रिजेक्ट!"

गळ्यात माळ, त्यामुळे चाखायची सोय नाही. नाकाला गमछा बांधून मान फिरवून तळायचे, आणि मग मला म्हणायचे, "सांग."

मी प्रामाणिकपणे सांगत होतो. मीठ थोडं कमी करा. मिरपूड वाढवा. आच मंद ठेवा.

तिसऱ्या हीटच्या वेळी पांढऱ्या ग्रेव्हीत मैदा इतका पडला की पळी उभी राहिली. सुधा आली, पळीकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, टाकू नका. वरच्या टाकीची गळती बंद होऊन जाईल!"

* * *

भाऊ म्हणाले, जे लोक रोज करतात त्यांना पाहू. म्हणून नेहरू नगरला हायवेवरच्या एका बर्गरच्या दुकानात गेलो. एसी, गाणी, कोचिंग क्लासची पोरं. भाऊ धोतरात, गळ्यात माळ. काउंटरवरच्या मुलीने माझी ऑर्डर घेतली आणि भाऊंना विचारलं, "सर, आपके लिए?"

"हम सिर्फ़ देखेंगे."

ती गोंधळली, पण हसली. भाऊ काउंटरवर वाकले. "बेटा, एक बात बताओ. तुम्हारा पीठ तेल में छूटता क्यों नहीं?"

"सर, सब फ्रोज़न आता है. हम तो बस टाइमर लगाते हैं."

बाहेर येऊन भाऊ रस्त्याच्या कडेला थांबले. "मले वाटलं, कोणी आचारी असंल. इथं तं अलार्मच स्वयंपाक करते. ते कानानं करे, हे घंटीनं करतेत."

'ते' म्हणजे वहिनी. भाऊ त्यांचं नाव घेत नाहीत.

* * *

हीट नंबर नऊ उत्तम झाली. खरंच सांगतो, दुकानापेक्षा चांगली! पीठ चिकटून, कुरकुरीत, मधे रसाळ, ग्रेव्ही पळीवरून सावकाश उतरणारी. साहूला कामासाठी नागपूरला जायचं होतं. सकाळच्या गाडीने त्याच्याबरोबर डबा दिला. दोन सँडविच.

एकच पोचलं!

साहूला फोन केला, तर म्हणतो, "भैया, एक तो टेस्टिंग का था न?"

दुपारी उज्जूचा फोन. भाऊंनी स्पीकर लावला आणि फोन दोन्ही हातांत धरून बसले.

"मस्त झालं बाबा. एकदम बाहर जैसा."

"आन् आईसारखं?"



"मस्त झालं ना, बाबा," ती पुन्हा म्हणाली.

भाऊंनी फोन ठेवला. तक्ता उचलला, त्याच्या चार घड्या केल्या आणि खिशात घातला. "राहू दे प्रभाकर. ते तिच्यासंगंच गेलं."

सातवा महिना लागायला बारा दिवस होते.

* * *

एक वही कमी आहे हे मला ठाऊक होतं, पहिल्या वर्षाची. ती मिळाली सुधाच्या शिलाई मशीनच्या पायाखाली. मशीन डुगडुगतं म्हणून तिनेच कधीतरी लावली होती! वहीला मशीनच्या पायाचा खोल वळ पडला होता. पण अक्षर शाबूत.

'गुरुवार. कुसुमवहिनींनी फोटो बघून सँडविच केलं. मला चाखायला दिलं. मीठ दुप्पट. ताकात एकदा घातलं, पिठात एकदा, ग्रेव्हीत पुन्हा. त्या बघत होत्या. बरोबर आहे म्हणालो. उद्या सांगेन.'

दुसऱ्या दिवसाचं पान बघितलं. तिथे हवामान होतं.

मी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी धीर झाला नाही, दुसऱ्या वेळी पहिल्यामुळे झाला नाही, आणि मग अकरा वर्षं गेली. पुढे पुढे मलाही ते खारट लागेनासं झालं. आणि आता, तीन वर्षांत ती सवय मोडल्यावर, नऊच्या नऊ हीटमध्ये मीच सांगत होतो, मीठ कमी करा!

वही घेऊन तसाच रिसालीला गेलो. भाऊंनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

"अकरा वर्षं?"

"हो, भाऊ."

"मंग मले कावून नाही समजलं?"

"तुम्ही कोक ओव्हनवरून यायचे. आठ तास भट्टीपुढे घाम गाळून. तुम्हाला तेवढं मीठ लागायचंच."

भाऊंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता संबंध तुटला. भिंतीकडे बघत ते म्हणाले, "तू बोलला असता तं तिनं करणंच सोडलं असतं. लई मानी होती." मग माझ्याकडे वळले. "पण तुमी लॅबवाले साले असेच! खराब सॅम्पल पास करून देता!"

आणि खिशातून तो तक्ता काढून माझ्यापुढे उलगडला. "लिही. हीट नंबर दहा. मीठ तीनदा."

* * *

उज्जू आली. रिसालीच्या घराच्या मागे ओट्यावर सुधाने तिला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं. ओटी भरली. पुरण, भजी, करंज्या सगळं मांडलं होतं. तिने कशालाच हात लावला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात शेगडीजवळ भाऊ पाठमोरे उभे होते, मान तिरकी, कान कढईकडे.

सुधा माझ्या कानात म्हणाली, "दिवस गेलेल्या पोरीला एवढं मीठ? डॉक्टरने कमी सांगितलंय."

"एकच खाईल."

"तुमचं एक म्हणजे काय ते मला माहीत आहे!"

भाऊ ताट घेऊन आले. आज त्यांनी मला चाखायला बोलावलं नाही. ताट उज्जूपुढे ठेवलं आणि चार हात लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. हात गमछ्याला पुसत होते.

उज्जूने दोन्ही हातांनी सँडविच उचललं. पहिला घास घेतला. डोळे मिटले. चावत राहिली, बराच वेळ. दुसरा घास. मग हात लांब करून पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. पुन्हा भरून तोही संपवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं. सुधा उठायला लागली. मी तिचा हात धरला.

"कसं आहे, बेटा?" भाऊंनी विचारलं.

उज्जूने मनगटाने नाक पुसलं. उरलेल्या सँडविचकडे पाहिलं, मग बापाकडे.

"मीठ थोडं कमी पडलं, बाबा."

भाऊ आत गेले आणि मिठाची अख्खी बरणीच घेऊन आले.