आत्याच्या जीपचं स्टेअरिंग

माझ्या हट्टापायी आत्या सात महिने घरात बसून होती.

काल सकाळी ती गेली. एकोणऐंशी वर्षांची होती.
म्हणून आज हे लिहून टाकतोय.

आत्या म्हणजे डॉक्टर विमल. माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली आणि पोरीला शिकवायचंच असं ठरवलं. आमच्या अख्ख्या घराण्यातली ती पहिली डॉक्टर.

पहिलं पोस्टिंग किनवट तालुक्यातलं इस्लापूर. बहात्तरचा दुष्काळ.

माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. प्यायला मिळेल ते पाणी. कॉलरा पसरलेला. आणि दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर टायफॉइडने आडवा.

आत्याने चार दिवसांत जीप शिकून घेतली.

ते स्टेअरिंग म्हणजे दगड होतं. वळण आलं की सीटवरून अर्धं उठून, दोन्ही हातांनी ओढायचं. एका कामावर एक म्हातारबा तिला म्हणाले, "बाई, हे बाप्याचं काम हाय."
आत्या म्हणाली, "मग या, बसा इथं. अन् सुया बी तुमीच टोचा."

मला तिनेच गाडी शिकवली. पहिला धडा हा, की अंगठा स्टेअरिंगच्या आत घालायचा नाही. "खड्ड्यात चाक गेलं की स्टेअरिंग उलटं फिरतं. अंगठा मोडून ठेवंल."

पुढे लातूर नवा जिल्हा झाला आणि तिची बदली तिकडे झाली. नवा जिल्हा, नवं ऑफिस. बसायला खुर्च्या नाहीत, तर गाडी कुठली?
नेमकी तेव्हाच इस्लापूरची ती जुनी जीप लिलावात निघाली. आत्याने ती घेतली आणि लातूरची खेडीपाडी स्वतःच्या गाडीने फिरली.

रिटायर होऊन नांदेडला आली तीही त्याच जीपमधून. मग दर गुरुवारी नायगावजवळच्या एका वस्तीवर बायकांना तपासायला जायची. फुकट.

आता माझं सांगतो.

मला जुन्या गाड्यांचं वेड आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ही जीप मी जीव लावून ओरिजिनल ठेवली होती. स्टेअरिंग बॉक्सचा पार्ट हैदराबादच्या भंगारात दोन दिवस हिंडून शोधला होता.

आत्या बाथरूममध्ये पडली. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. बाकी सगळं ठीक, पण हातातला जोर गेला.
तरी एका गुरुवारी निघालीच. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळेना. मागे ऑटोवाले हॉर्न मारून राहिलेले. शेवटी तिने खाली उतरून एका अनोळखी माणसाच्या हातात किल्ली दिली. "जरा बाजूला लावून दे बाबा."

हे तिने मला सांगितलं नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं.

आमचे मेकॅनिक अन्वरभाई म्हणाले, "छोट्या कारची पॉवर स्टेअरिंगची मोटर बसवू. बाई एका हाताने फिरवतील. फक्त ये स्टेअरिंग का रॉड काटना पडेगा."

मी म्हणालो, अजिबात नाही. एकदा कापला की संपलं. गाडी ओरिजिनल राहणार नाही.
"आत्या, मी आहे ना. तुला कुठं जायचं ते सांग, मी नेतो."


मी किती गुरुवार नेलं? दोन. बाकीच्या वेळी माझी मीटिंग होती.

सात महिन्यांनी लातूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. जीप नेली. बेस्ट ओरिजिनल कंडिशनचा कप मिळाला. परीक्षकांना सगळ्यात जास्त आवडला तो डॅशबोर्डवर वेल्ड केलेला लोखंडी हँडल. "रेअर आहे. गव्हर्नमेंट इश्यू दिसतो," म्हणाले. मीही मान हलवली.

घरी येऊन मी कप आत्यापुढे ठेवला आणि हँडलचं सांगितलं.

ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आरं, तो हँडल मी लावून घेतला. बाळंतीण आणताना तिला धरायला काय नव्हतं. किनवटच्या लोहाराकडून वेल्डिंग करून घेतलं. मागची सीट बी मीच काढली, बाज बसंना म्हणून. साहेबाने मेमो दिला होता मला, सरकारी गाडी बिघडवली म्हणून."

मग हसणं थांबलं.

"तू ज्याला ओरिजिनल म्हणून राहिलास ना, ते सगळं माझं गरजेपुरतं केलेलं हाय. आता ह्या खांद्याला गरज हाय. कापू दे तो रॉड."

दुसऱ्या दिवशी गाडी अन्वरभाईंकडे नेली. रॉड कापताना मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. 

पण आत्याने पहिल्यांदा ते स्टेअरिंग फिरवलं तो चेहरा मी पाहिला. डावीकडे पूर्ण. उजवीकडे पूर्ण. पुन्हा डावीकडे. गाडी जागेवरच, आणि ही लहान पोरीसारखी नुसती फिरवतेय.
"अन्वर, हे बहात्तरला कुठं होतं रे?"

त्या रविवारी मला बाजूला बसवून तिने थेट इस्लापूर गाठलं. सहस्रकुंड धबधब्यापाशी डबा खाल्ला. येताना मी विचारलं, "आत्या, राग आहे का माझ्यावर?"

"हाय. सात महिन्यांचा हाय. एका दिवसात कसा जाईल?"

त्यानंतर पाच वर्षं ती गाडी चालवत होती. एकही गुरुवार चुकवला नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यात ॲडमिट होईपर्यंत.

माझ्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमधले मित्र अजून म्हणतात, गाडीची वाट लावलीस. म्हणू देत.

वस्तीवर आता एक नव्या डॉक्टर ताई यायला तयार झाल्या आहेत. त्यांना गाडी चालवता येत नाही. या गुरुवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे. मीटिंग रद्द केली आहे.

आत्या, सुखाने जा.
जय भीम.