गाठी उघडायला दोघी लागतात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवाला तर नाहीच — त्याच्यासमोर हात जोडून मी नेहमी दुसरंच काहीतरी बोलत राहिले. तुम्हाला सांगते. तुम्ही काही आमच्या गावी, नवेगावबांधला येऊन चुगली करणार नाही.

गोष्ट एका साडीची आहे. हसताय? हसा, पण पुढचं ऐका.

तीस-बत्तीस वर्षं झाली. आम्ही नवरा-बायको जैसलमेरला गेलो होतो. धानकापणीचे दिवस, त्यात सासूबाई अंथरुणावर — म्हणून थोरली जाऊ, सगुणाबाई, मागे राहिली. कुणीतरी राहायलाच हवं होतं. मी राहीन असं मी म्हटलं का? छे! मी तर काळा चष्मा विकत घेऊन बसले होते. निघताना तिनं एवढंच सांगितलं, "मले काई नोको. तिथली एक लाल साडी आणजो."

आम्ही चिखलातली माणसं. तो पिवळ्या दगडाचा किल्ला, ती वाळू पाहून मी खुळावलेच. आरशांची पिशवी घेतली, पाय चावणारी मोजडी घेतली, उंटावर बसून किंचाळले — सगळी शोभा करून झाली. मग किल्ल्याखालच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदारानं ती साडी दाखवली. साडी कसली, वाळल्या मिरचीसारखं आकसलेलं गाठोडं! बांधणीची. दोऱ्याच्या हजारो गाठी तशाच ठेवलेल्या. म्हणाला, "घर जाके दो जनी मिलके खींचना." एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, की गाठी सुटतात.

दुसरी कोण, ते मला माहीत होतं. तिच्यासाठीच तर घेतली होती.

पण धर्मशाळेत दुपारी हे झोपले, आणि मी म्हटलं, जरासं उघडून बघू — बघायला काय जातं? एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. ओढलं. तड् तड् तड्! दोरे उडाले आणि लालभडक रंगावर पिवळे ठिपके धानाच्या लाह्यांसारखे फुटत गेले. मग कोण थांबतं? सगुणाबाईनं धरायचं टोक मी गजाला दिलं, आणि साडी मला.

उघडलेलीसुद्धा देता आली असती. नाही दिली. का? मला हवी होती म्हणून. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं — सापडलं नाही.

गोंदियाला गाडीतून उतरले आणि ह्यांना सामानापाशी बसवून स्टेशनाजवळच्या बाजारातून ठिपक्यांची छापील लाल साडी घेतली. "जैसलमेरची," म्हणून तिच्या हातात ठेवली. तिनं ती आधी कपाळाला लावली.

पहिल्याच धुण्यात रंग सुटला. बांधाच्या तळ्याचं पाणी लाल, सासऱ्यांचं धोतर गुलाबी! बाया खो-खो हसल्या. सगुणाबाई मात्र तोऱ्यात म्हणाली, "वाळवंटातला रंग आहे वो, त्याले पाण्याची आदत कुठं?" प्रत्येक लग्नात तीच साडी. "माह्या जावेनं आणली." खरी माझ्या पेटीच्या तळाशी. नेसणार कशी? तिच्या शेजारी उभी राहिले असते तर ठिपक्यांनीच बोंब मारली असती.

आता तिला दिसत नाही. गेल्या महिन्यात मी ठरवलं, पुरे. पेटीतली साडी तिच्या घरी नेऊन तिच्या मांडीवर ठेवली. कबूल करायलाच गेले होते — शपथ. तिनं बोटं फिरवली. खऱ्या बांधणीवर गाठींचे बारीक फुगवटे राहतात, तिथं ती अडखळली.

"खडबडीत काऊन लागून राहिली? कुठची?"

"जैसलमेरची."

इथपर्यंत मी खरं बोलले. ती इतकी हसली की खोकला लागला.

"तुले फसवलं वो, गंगे! असली जैसलमेरची त माही आहे. कशी मऊ आहे, पाह्य." उशाखालून तिनं विटलेली, विरलेली साडी काढली. माझी नीट घडी करून माझ्या हातात दिली, वर आपलीही ठेवली. "मले आता कुठं दिसते? असली तू नेस."

तेव्हा तोंड उघडायचं होतं. एकच वाक्य होतं.

मी दोन्ही साड्या घेऊन घरी आले.