वाफेवर वाकवलेलं कडं

आमच्या गल्लीच्या टोकाला सायझिंगचा कारखाना होता. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढण्याआधी तिथे सुताला खळ लावायचे आणि वाफेच्या उष्णतेवर ते वाळवायचे. शुक्रवारी लूम बंद, म्हणून सायझिंगही बंद. बॉयलर थंड करायला घेतला की आतली उरलेली वाफ सोडून द्यावी लागायची. बॉयलरवाल्याने त्यासाठी मागच्या भिंतीतून एक लोखंडी पाईप बाहेर काढला होता. ती वाफ कुणाची नव्हती, म्हणून ती गल्लीची होती. बायका ढेकणांनी भरलेल्या गोधड्या घेऊन यायच्या. कुणी ग्रीस लागलेले कपडे आणायचं, कुणी फडक्यात बांधलेले चणे. पांढऱ्या धुक्यात कोण कुठे उभं आहे ते दिसायचं नाही, फक्त भांडणं ऐकू यायची. "माझी गोधडी आधी होती!" "तुझी गोधडी नव्हे गं, तुझे ढेकूण आधी होते!"

आज तिथे गोदाम आहे. बाहेर नावाची पाटी नाही, आत काय आहे ते कुणाला माहीत नाही. मी त्या दिवसांचे गोडवे गायला बसलेले नाही. सायझिंगमध्ये माणसं होरपळायची, आणि त्याबद्दलची पत्रकं आम्हीच वाटलेली आहेत. पण फुकटची वाफ सगळ्यांनी मिळून वापरायची ही रीत माझ्या गावाने मोडीत काढली, याचा राग मात्र मला येतो. त्या वाफेशी माझ्या आईचा एक डफ जोडलेला आहे.

आई मानकोलीकडची. भिवंडीत कांड्या भरायचं काम करायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांड्यांवर दिवसभर सूत गुंडाळायचं. बाबा पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पाट नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. आम्ही त्यावरच बसून जेवायचो. मी वाचायला शिकले तीसुद्धा त्याच गठ्ठ्यांवर. "कामगार बंधू-भगिनींनो" हे मला लिहिता आलं तेव्हा माझं स्वतःचं आडनाव अजून चुकत होतं.

पण पत्रकाने माणूस थांबत नाही, हे बाबांनाही ठाऊक होतं. पाळी सुटते तेव्हा माणूस घराकडे निघालेला असतो. कानात अजून लूमची खडखड असते. पत्रक तो घेतो, घडी घालतो आणि पुढच्या गाडीवर त्याच कागदाच्या पुडीत शेंगदाणे घेतो. त्याला थांबवायचा तो आईचा डफ. माहेरच्या शिमग्यातला होता तो, आंब्याच्या जाड लाकडाचा, परातीएवढा. ती तो डाव्या हाताने डोक्याच्याही वर धरायची आणि उजव्या हाताने अशी थाप मारायची की चहाच्या टपरीतले लोक कप घेऊनच बाहेर यायचे. गेटवरच्या सभेआधी डफ शेकायला गेल्या सभेची उरलेली पत्रकं जाळायची. बाबा म्हणायचे, "बघा, माझं लिखाण पेटतं की नाही!"

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आईचा डावा खांदा धरला. आयुष्यभर उभं राहून हात वर-खाली केल्याचं ते बक्षीस. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं बंद. आईने ऐकलं नाही. पुढच्या सभेला डफ उचलायला गेली आणि तो हातातून सुटून तिच्याच पायावर पडला. मग ती नुसतीच गायली. चांगली गायली. कुणी थांबलं नाही. एक माणूस सायकल हाणता हाणता म्हणाला, "आज ताईंचा बँड कुठं गेला?" आणि पुढे गेला.

घरी आल्यावर तिने डफ खुंटीला लावला. "आता तुम्हीच जा," ती म्हणाली. "मी घरी भाकऱ्या करीन. सभेहून आल्यावर भूक लागते ना तुम्हाला."

तिच्या तोंडून हे ऐकणं फार वाईट होतं. तिला भाकऱ्या करायला आवडत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या सभेला ती खरोखरच आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरी बसून ती कमी बोलायला लागली.

तेव्हा मामू मध्ये पडले. मामू म्हणजे आमच्या शेजारचे सुतारमिस्त्री. नात्याने कुणी नव्हेत. त्यांचं घराणं खाडीकाठचं, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं मुसलमान. लूमचे लाकडी भाग दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि बढाया मारणं हा त्यांचा छंद. त्यांच्या घरच्या लग्नांत बायका डफ वाजवून गाणी म्हणत, त्यामुळे डफाबद्दल आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं ठाम मत होतं.

"अगो बाय," खुंटीवरचा डफ हातात तोलून ते आईला म्हणाले, "हा डफ हाय की जात्याची तळी? ह्याचं कडं जाड तुकडे जोडून केलंय, म्हणून जड. पातळ पट्टी घ्यायची, वाफेत मऊ करायची आणि गोल वाकवायची. एक पट्टी, एक सांधा. पापडासारखा हलका होईल."

"तुम्ही कधी केलंय का, भाई?" आईने विचारलं.

"माझ्या आज्याने केलेलं हाय."

"मग आज्याला बोलवा."

तरी मामू पडघ्याला गेले आणि लाकडाच्या वखारीतून धामणीची फळी घेऊन आले. धामण चिवट असते, पूर्वी गाडीच्या दांड्या तिच्याच करत. फळी रंधून त्यांनी पातळ, लांब पट्ट्या काढल्या. आता प्रश्न वाफेचा. पातेल्यात एवढी लांब पट्टी मावेना. मामू म्हणाले, "शुक्रवारी सायझिंगच्या पाईपावर नेऊ."

आणि इथे भांडण झालं, कारण सायझिंगचा शेठ तोच होता ज्याच्या लूमच्या गेटवर आमच्या सभा चालायच्या. शेडमध्ये पंखे नव्हते, प्यायला धड पाणी नव्हतं, आणि त्यावर आमचं ताजं पत्रक निघालं होतं. मी म्हणाले, "ज्याच्याविरुद्ध डफ वाजवायचा, त्याच्याच वाफेवर तो बनवायचा? शक्य नाही." माझं हे मत मी आजही पूर्णपणे सोडलेलं नाही.

"आली आमची पत्रकवाली!" मामू म्हणाले. "मला एक सांग, वाफ शेठची कशी? पाणी नगरपालिकेचं, जळण जंगलातलं, आणि भट्टीपाशी उभं राहून पोळतो तो बॉयलरवाला. शेठने नुसती फुंकर तरी मारली काय?"

"बॉयलर त्याचा आहे."

"बॉयलरात राहते तोवर त्याची. भिंतीबाहेर आली की कुणाची? तुझ्या आईची गोधडी त्याच वाफेवर शेकते ना? तेव्हा न्हाय आठवलं पत्रक?"

आई म्हणाली, "ढेकणांना शेठची वाफ चालते, तर मलाही चालेल." विषय संपला.

त्या शुक्रवारी मामूंनी पत्र्याचा एक जुना पाईप आणला, त्यात पट्ट्या सरकवल्या, दोन्ही तोंडांना गोणपाट कोंबलं आणि वाफेचा पाईप त्याला जोडला. गोधड्यावाल्या बायका रांगेत थांबून बघत राहिल्या. साचा म्हणून लूमची एक जुनी लोखंडी पुली जमिनीवर आडवी बसवली होती. बॉयलरवाला गाझीपूरकडचा, त्यालाही उत्साह आला होता. तो आतून ओरडत होता, "भाभी, जल्दी करो, प्रेशर गिर रहा है!"

लाकूड वाफेत शिजलं की त्याला वेगळाच वास येतो. थोडा उकडलेल्या रताळ्याचा, थोडा पावसात भिजलेल्या दाराचा. मामूंनी हाताला गोणपाट गुंडाळून पट्टी बाहेर ओढली, "बघा आता!" म्हणाले, आणि झटक्यात वाकवली. कट्! पट्टी मधोमध मोडली.

"आज्याने असंच केलं होतं का?" आईने विचारलं. बायका खो खो हसल्या.

दुसरी पट्टी त्यांनी बढाई न मारता वाकवली. एक टोक पुलीला बांधून, हळूहळू, लाकूड जेवढं येईल तेवढंच घेत. लाकूड खरोखरच आलं. ओल्या चामड्यासारखं ते पुलीभोवती वळत गेलं, आणि दोन्ही टोकं एकमेकांवर येऊन बसली तेव्हा आई नकळत दोन पावलं पुढे आली होती.

इथेच थांबायला हवं होतं. पण आम्ही भिवंडीची माणसं. मऊ वस्तू ताठ करायची तर तिला खळ लावायची, हे आमच्या रक्तात आहे. मामू म्हणाले, "सूत खळीने कडक होतं, मग लाकूड का होणार न्हाय? वाकवलेलं पुन्हा उघडायला नको." बॉयलरवाल्याने डबाभर गरम खळ आणून दिली. मामूंनी कड्याला ती आतून-बाहेरून, आणि सांध्यात तर खिळ्यांच्या ऐवजी, भरपूर चोपडली. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. कडं वाळलं तेव्हा दगडासारखं टणक झालं होतं. त्यावर बकऱ्याचं चामडं चढवलं. आई तो हातात घेऊन म्हणाली, "हलका हाय." बस्स, एवढंच.

ती सभेला आली. आधी बाबांचं भाषण होतं, म्हणून तिने डफ गेटच्या भिंतीला टेकवून ठेवला. आता खळीबद्दल एक गोष्ट गावातल्या प्रत्येक शेंबड्या पोराला माहीत होती. आमची पोस्टरं आम्ही सायझिंगच्या खळीनेच चिकटवायचो आणि गल्लीतल्या बकऱ्या ती चाटून चाटून फाडायच्या. तरी हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबा "शोषणाची ही साखळी" पर्यंत आले आणि मागून मोठा हशा उठला. एक काळी बकरी डफापाशी उभी राहून मन लावून कडं चाटत होती. खळ ओली होऊन सांधा सुटला, पट्टीचं टोक टणकन उघडलं आणि बकरीच्या नाकावर बसलं. बकरी ओरडली. चामडं एका बाजूने लोंबायला लागलं.

कुणीतरी म्हणालं, "ताई, तिची कोणीतरी नातेवाईक असेल डफावर!"

मी आईकडे बघायला घाबरले. ती खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. तिने मान वर केली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किती महिन्यांनी ती हसली होती.

पुढच्या शुक्रवारी ती स्वतःच पट्टी घेऊन पाईपापाशी गेली. मामू नको म्हणत होते.

"तुझा खांदा, बाय!"

"वर न्हाय जात. खाली ओढायला काय झालं त्याला?"

आणि खरंच, वाकवणं हे उचलण्याचं काम नव्हतंच. तिने पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि अंगाचा सगळा भार टाकत पुलीभोवती फिरत गेली, घाण्याभोवती फिरावं तशी. धुक्यात ती मला अर्धीच दिसत होती. "येतंय, येतंय," एवढंच ती पुटपुटत होती. या वेळी सांध्याला तांब्याचे खिळे ठोकले, आणि बॉयलरवाला खळीचा डबा घेऊन आला तेव्हा सगळ्या बायका एकदमच ओरडल्या, "नको!"

ते कडं आठवडाभर पुलीवरच बांधून ठेवलं. सोडल्यावर जरासं उघडलं, पण गोल राहिलं.

त्यानंतरची सभा पुन्हा त्याच शेठच्या गेटवर होती. दिवसपाळी सुटली. आईने नवा डफ घेतला. मी मनातल्या मनात तो तिच्या डोक्याच्या वर पोचवत होते. तो जेमतेम कोपराच्या उंचीपर्यंत आला. तिने श्वास घेतला, पुन्हा जोर लावला. डफ तिथेच थांबला. पापडासारखा हलका होता, पण खांदाच येत नव्हता. तिचा चेहरा एकदम उतरला.

मग तिने डफ पोटापाशीच धरून थाप मारली. आवाज खणखणीत होता. पुढचे लोक थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ताई, दिसत न्हाय! वर धरा की!"

आईने वाजवणं थांबवलं. मला वाटलं, आता ती डफ खाली ठेवील.

"वर जात न्हाय रे माझा हात!" ती ओरडली. "तुमच्या लूमनेच खाल्लाय. दिसत नसेल तर तुम्ही खाली बसा!"

मग पहिल्या रांगेतला एक म्हातारा कामगार खांद्यावरचा टॉवेल अंथरून रस्त्यातच बसला. त्याच्या शेजारचा बसला. मग मागचे बसत गेले, पार गेटपर्यंत. बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, घेऊन आलेला टेम्पो हॉर्न वाजवत उभा राहिला. मॅनेजर धावत बाहेर आला.

"काय आहे हे? ठिय्या आंदोलन? परवानगी आहे का?"

"न्हाय साहेब," मामू बसल्या जागेवरूनच म्हणाले, "बायचा खांदा दुखतो, म्हणून बसलेत."

बाबा आयुष्यभर पत्रकांतून "ठाण मांडा" लिहीत आले होते, ते गठ्ठा छातीशी धरून नुसते बघत होते. आई टेम्पोचा हॉर्न थांबायची वाट बघत उभी होती. तो थांबला, आणि तिने डफ पोटाशी नीट धरून गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.